‘आमच्या पश्चात’

माझ्या वकिलीत एकाच खटल्याचे कागद दिल्लीपर्यंत गेले, आणि ते मी नेले नाहीत. रोह्याच्या शैला खरिवले वकिलांनी नेले. पेणच्या कोर्टाच्या आवारात आजही तो विषय निघाला की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. या अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मी आधी दुसरे तीन खटले लिहून पाहिले. तिन्ही मी जिंकलेले होते. वाचताना मलाच जांभया आल्या. म्हणून शेवटी हा लिहायला घेतला.

शैला आणि मी एकाच वर्षी सनद घेतली. अलिबागला एकाच वकिलांच्या हाताखाली उमेदवारी केली. मी पेणच्या खारेपाटातला, ती रोह्याच्या अलीकडच्या निडीची. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि ते मला फार माहीत होतं. सर मला म्हणायचे, “म्हात्रे, तू निकाल शोध. साक्षीदार शैलाला घेऊ दे.” मी तासन्‌तास जाडजूड पुस्तकं चाळून निकाल काढायचो आणि ती पाच मिनिटांत साक्षीदाराकडून हवं ते वदवून घ्यायची. पक्षकार मिठाई आणायचे ते तिच्यासाठी. ती त्यातला अर्धा पुडा माझ्या टेबलावर ठेवायची. त्याचाच मला जास्त राग यायचा.

पुढे मी पेणला ऑफिस थाटलं, तिने रोह्याला. एका दाव्यात आम्ही समोरासमोर आलो. खाडीच्या बांधाला पाण्यासाठी एक दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी ते दार बाहेर ढकलून निघून जातं. भरतीला खाडीच्या दाबाने दार आपोआप मिटतं. माझ्या अशिलाचं म्हणणं, शेजाऱ्याने भर भरतीत उघाडी उघडून खारं पाणी शेतात घेतलं. मिठागरात काम केलेला एक म्हातारा आमचा साक्षीदार होता. मी त्याच्याकडून सगळं नीट पाठ करून घेतलं होतं. शैला उठली आणि तिने विचारलं, “बाबा, तो एका हाताने दार ढकलत होता म्हणता. तुम्ही कधी भरतीला उघाडी ढकलून बघितलीय?”

म्हातारा हसला. “भरतीला? चार रेडे लावलं तरी हलाचं नाय ती.”

ती म्हणाली, “बसा बाबा,” आणि स्वतःही बसली. माझ्याकडे सतरा निकाल होते. ते तसेच दोरीत बांधलेले राहिले.

त्यानंतर पेणची माणसं रोह्याला जायला लागली, किंवा मला तरी तसं वाटायला लागलं. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. “शेजाऱ्याने आपल्या कुत्र्याला माझं नाव ठेवलंय, अब्रुनुकसानीचा दावा लावा,” असा त्यांचा आग्रह. मी चार पानांची सुरेख नोटीस तयार केली. महिनाभराने ते बाजारात भेटले. म्हणाले, “मिटलं सायेब. खरिवलेबाई घरी आल्या. शेजाऱ्याला म्हणाल्या, मार बरं कुत्र्याला हाक. त्याने माझ्या नावाने हाक मारली, कुत्रा हालला नाय. मग त्याच्या नावाने मारली, तरी नाय. तिसरं कायतरी मारलं, तरी नाय. मग आमी दोघं हसलो.” त्या नोटिशीचा मसुदा मी कितीतरी दिवस फाडला नव्हता.

आता खटल्याकडे येतो.

पेणजवळ हमरापूर आणि जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींची. जोह्याचा काशिनाथ आणि हमरापूरचा विलास या दोन मित्रांनी भागीदारीत कारखाना काढला. काशिनाथ हाताने मूळ मूर्ती घडवायचा, तिच्यावरून साचा निघायचा, आणि साच्यातून हंगामभर मूर्ती. विलास माल देशभर पाठवायचा. भागीदारीचा करार एका जुन्या लेखनिकाने मराठीत लिहिला होता. त्यात एक कलम होतं: ‘आम्हा भागीदारांत अगर आमच्या पश्चात उभयतांकडील मंडळींत धंद्याच्या मालमत्तेविषयी वाद उत्पन्न झाल्यास तो पंच म्हणून गुरुजींनी तोडावा व तो निर्णय सर्वांस बंधनकारक राहील.’ गुरुजी म्हणजे दोघांना शाळेत चित्रकला शिकवलेले निवृत्त मास्तर.

अशा पंचाला कायद्यात लवाद म्हणतात. दोन्ही बाजूंनी आपखुशीने निवडलेला न्यायाधीश. त्याचा अधिकार सरकारकडून येत नाही, त्या कागदावरच्या शब्दांतून येतो. शब्द आहेत तिथपर्यंत तो न्यायाधीश. शब्दांच्या बाहेर गेला की तो तुमच्या-आमच्यासारखा एक गृहस्थ, आणि त्याच्या निवाड्याची किंमत शून्य. म्हणून हरणारा माणूस निवाडा चूक आहे असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, या माणसाला मुळात अधिकारच नव्हता.

काशिनाथ हृदयविकाराने अचानक गेला. तेराव्यानंतर विलासने सगळे साचे हमरापूरच्या आपल्या शेडमध्ये नेले. काशिनाथची बायको रंजना माझ्याकडे आली. चाळिशीची, सडपातळ, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारी बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघायची.

“वकीलसायेब, मला कारखाना नको,” ती म्हणाली. “त्यांच्या हातच्या मूर्तींचे साचे तेवढे द्या. दुसऱ्याच्या साच्यातल्या मूर्तीला मी डोळे काढते, पण मला ती बघत नाय.”

दिवाणी दावा लावला असता तर तिचा मुलगा म्हातारा झाला असता. मी कलम दाखवून प्रकरण गुरुजींपुढे नेलं. विलासच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली: कलम भागीदारांपुरतं आहे, रंजना भागीदार नाही, लवादाला अधिकार नाही. गुरुजींनी चष्मा पुसला, कलम मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “पश्चात लिहिलंय की रे इथे. काशी गेला म्हणूनच तर आपण बसलोय.” हरकत फेटाळली. मग त्यांनी शेडमध्ये जाऊन एकेक साचा हातात घेतला. काशिनाथ सोंडेचा वळसा कसा देतो, बोटांची पेरं कशी ठेवतो, ते त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. अकरा साचे त्यांनी रंजनाला दिले, बाकीचे विलासला.

विलास अलिबागच्या जिल्हा न्यायालयात गेला. तिथल्या न्यायाधीशांनीही मूळ मराठी करार वाचला आणि निवाडा कायम ठेवला. त्या दिवशी मी शैलाला कोर्टाच्या पायरीवर मुद्दाम थांबवून निकाल सांगितला. “छान,” ती म्हणाली, “रंजना माझ्या बहिणीच्या शेजारणीची बहीण आहे. निडीला येते ती.” मला ते बोलणं आवडलं नाही. माझ्या पक्षकाराशी तिचं नातं कशाला असायला हवं होतं?

विलासने मुंबईला उच्च न्यायालयात अपील केलं. तिथे कागद इंग्रजीत लागतात. भाषांतर कोर्टाच्या दुभाष्याकडून करून घेता येतं. पण दुभाष्याचं इंग्रजी मला सरकारी वाटायचं. मी स्वतः केलं. रविवारी बसून, फुलस्केपवर, माझ्या शाईच्या पेनाने. ‘आमच्या पश्चात’ला मी ‘इन अवर ॲब्सेन्स’ लिहिलं. वाक्याला लय छान आली होती.

मुंबईतल्या आमच्या वकिलांना मराठी येत नव्हती, विलासच्या वकिलांना येत असली तरी त्यांनी बोलायचं काही कारण नव्हतं. त्यांनी माझ्याच भाषांतरावर बोट ठेवलं. गैरहजेरीत याचा अर्थ एखादा भागीदार परगावी असेल तर त्याच्या घरच्यांनी त्याच्या वतीने यावं, एवढाच. भागीदार मेल्यावर काय, हे या कलमात नाही. कोणी मेला म्हणून लवादाचा करार मरत नाही, असं कायदा म्हणतो, हे आमच्या वकिलांनी सांगितलं. कोर्ट म्हणालं, करार मरत नाही हे खरं, पण कराराने जो वाद लवादाकडे सोपवलाच नाही तो त्याच्याकडे कसा जाईल? जे कागद समोर होते त्यांवरून निकाल बरोबरच होता. लवादाला अधिकार नव्हता. निवाडा रद्द.

निकालाची प्रत वाचली तेव्हा ‘ॲब्सेन्स’ हा शब्द त्यात पाच वेळा होता. तिसऱ्या वेळी मला कळलं, मी काय केलं आहे. मी प्रत मिटली.

रंजना आली. “आता?”

“आता अपील नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं. लवादाच्या कायद्यात एकदा अपील झालं की दुसरं करता येत नाही. उरते ती दिल्ली, सर्वोच्च न्यायालय. पण तिथेही हक्काने जाता येत नाही. आधी विशेष परवानगी मागायची, की आम्हाला अपील करू द्या. न्यायाधीश दोन-तीन मिनिटं ऐकतात. पटलं तर परवानगी, नाहीतर अर्ज तिथल्या तिथे फेटाळतात, बहुतेक वेळा कारणही देत नाहीत.

“बहुतेक अर्ज दारातूनच परत येतात,” मी तिला सांगितलं. “उगीच आशा धरू नका.”

“विलासभावजी साचे विकणार हायेत,” ती म्हणाली. “मुंबईचा कुणी व्यापारी बघून गेला. एकदा गेले की कुठं शोधू?”

मी छताकडे बघितलं. ती उठली. दारात चप्पल घालताना म्हणाली, “तुमी दोनदा जिंकून दिलंत, त्याची जाणीव हाय मला.”

आठवड्याने शैलाचा फोन आला. रंजना तिच्याकडे गेली होती.

“म्हात्रे, परवानगीचा अर्ज करूया म्हणते मी. माझा एक ओळखीचा दिल्लीत अर्ज दाखल करून देईल. रंजनाकडे कराराची पुसट झेरॉक्स होती, ती वाचली. अरे, ‘पश्चात’चं ‘ॲब्सेन्स’ कुणी केलं?”

मी म्हणालो, “टायपिस्टने.”

असं सहज तोंडातून गेलं. आमचा टायपिस्ट गरीब माणूस, त्याला इंग्रजीची अक्षरं ओळखता येत, शब्द नाहीत.

“अरे देवा,” शैला म्हणाली. “बरं, सगळी फाईल आणि तुझी ना हरकत पाठव. नव्वद दिवसांची मुदत आहे, त्यातले वीस गेले.”

“पाठवतो.”

मी फाईल पाठवली नाही. ती माझ्या डाव्या हाताच्या कपाटात होती आणि तिच्यात माझ्या शाईतला तो फुलस्केप होता. तो काढून टाकून बाकीची फाईल पाठवता आली असती. मी एकदा तो काढलाही. पण मग दुसरा विचार मनात आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. फुलस्केप नसला तरी शैला दिल्लीला जाणार होती. माझा खटला, माझा लवाद, माझे दोन विजय, आणि चूक सापडली म्हणून दिल्लीला ती उभी राहणार. पेणच्या बाररूममध्ये सगळे म्हणणार, म्हात्र्यांनी घालवलं, खरिवलेबाईंनी परत आणलं. अलिबागच्या त्या मिठाईचा वास मला आला. मी फुलस्केप परत जागेवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

तिचे फोन येत राहिले. मी म्हणालो, प्रमाणित प्रती यायच्यात. मग म्हणालो, कारकून रजेवर आहे. मग फोन उचलायचं बंद केलं. माझी बायको सुमन एक दिवस म्हणाली, “रोह्याच्या शैलाताईंचा माझ्या फोनवर फोन आला होता. तुम्ही बरे आहात ना, विचारत होत्या.” मी जेवत होतो. म्हणालो, “बरा आहे म्हणून सांग.”

मुदत संपली. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

त्यावर एकोणीस दिवस गेल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास, शैला रंजनाला घेऊन माझ्या ऑफिसात आली. खुर्चीत बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, “कपाट कुठलं?”

मी किल्ली काढली. तिने फाईल मांडीवर घेऊन पानं उलटायला सुरुवात केली. रंजना खिडकीपाशी उभी होती. फुलस्केप आला. शैला माझं अक्षर अलिबागपासून ओळखते. तिने ते पान शेवटपर्यंत वाचलं, सावकाश, आणि पुढचं पान उलटलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“मुदत टळली,” ती म्हणाली. “उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागेल. उशीर का झाला, ते शपथेवर सांगावं लागेल. काय लिहायचं?”

मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो.

रंजना खिडकीपासून वळली. “माझ्यावर टाका. मी आजारी व्हते असं लिवा. बाईमाणूस, एकटी. कोरट समजून घेईल.”

“असं नसतं गो, रंजना,” शैला म्हणाली. “शपथेवर खोटं लिहायचं नसतं.”

“मग वकीलसायेबांचं नाव जाईल.”

ही बाई माझ्यामुळे तिच्या नवऱ्याच्या हातच्या मूर्ती गमावत होती, आणि तिला माझ्या नावाची काळजी होती. मी खुर्ची मागे सरकवली, टायपिस्टला हाक मारली आणि उभ्याउभ्याच प्रतिज्ञापत्र सांगायला लागलो. भाषांतर मी स्वतः केलं, ते चुकीचं आहे. फाईल पक्षकाराने मागूनही मी दिली नाही. उशीर पूर्णपणे माझा आहे. टायपिस्टने एकदा मान वर करून बघितलं. “टाईप कर,” मी म्हणालो.

शैला सही झालेलं पान बॅगेत ठेवताना म्हणाली, “सुनावणीला रोह्याला ये. न्यायाधीशांनी विचारलं तर तू असायला हवास.”

हल्ली दिल्लीची सुनावणी पडद्यावरही होते. शैला तिच्या रोह्याच्या ऑफिसातून बोलणार होती. त्या दिवशी मी नागोठण्यावरून गाडी चालवत गेलो. काळा कोट हँगरला लावून मागच्या सीटवर टांगला होता, तो का घेतला ते मला सांगता येणार नाही. तिचं ऑफिस माझ्यापेक्षा लहान. पुस्तकंही कमी. लॅपटॉपसमोर ती बसली होती, गळ्याचा पांढरा पट्टा नीट करत. मला तिने भिंतीकडची खुर्ची दाखवली. “तिथे बस, कॅमेऱ्यात येणार नाहीस.” शेजारी रंजना बसली.

आमच्या आधीचे चार अर्ज बघता बघता फेटाळले गेले. एकेक वकील पडद्यावर यायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि नाहीसा व्हायचा. मग आमचा क्रमांक पुकारला. दोन न्यायाधीश होते, दोघांनाही मराठी येत नसावी. थोरल्या न्यायाधीशांनी सुरुवातच केली: उच्च न्यायालयाने करार वाचून अर्थ लावलाय, आम्ही यात का पडावं?

मी असतो तर निकालांची यादी काढली असती. शैला तिच्या साध्या, मराठी वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, “त्यांनी करार वाचलाच नाही, महाराज. त्यांनी भाषांतर वाचलं. आमच्याकडे माणूस मृत्युपत्र करतो तेव्हा हाच शब्द लिहितो, माझ्या पश्चात. तो चार दिवस परगावी निघाला असतो म्हणून लिहीत नाही.”

धाकटे न्यायाधीश हसले. थोरल्यांनी चष्मा वर केला आणि समोरचे कागद पहिल्यांदा नीट उघडले. मी जागच्या जागी जळत होतो. ते वाक्य इतकं सोपं होतं. त्या कराराबरोबर मी वर्षानुवर्षं राहिलो आणि ते मला सुचलं नव्हतं.

विलासचे वकील उशिराच्या मुद्द्यावर बोलले. थोरल्या न्यायाधीशांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. “हे वकील हजर आहेत का?”

शैलाने माझ्याकडे बघून खुर्ची बाजूला सरकवली. मी कॅमेऱ्यात आलो. कोट गाडीतच राहिला होता. माझ्या हाफ शर्टातला चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसला, छोटासा, चौकोनात. सर्वोच्च न्यायालयापुढे मी आयुष्यात तेवढाच एकदा उभा राहिलो, आणि तोही वकील म्हणून नाही.

“तुम्ही कागद अडवून ठेवलेत?”

“होय, महाराज.”

“कशासाठी?”

“माझी चूक कुणाला दिसू नये म्हणून.”

त्यांनी प्रतिज्ञापत्राचं पान उलटलं. म्हणाले, “आणि हा शब्द. त्याचा अर्थ तुम्ही सांगा.”

“आमच्या मृत्यूनंतर,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी कॅमेऱ्यातून बाहेर झालो. सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

उशीर माफ झाला. विलासला नोटीस निघाली आणि तोवर साचे विकू नयेत असा हुकूम झाला. रंजनाने तो हुकूम मला दोनदा मराठीत सांगायला लावला. पुढच्या तारखेला दोन्ही बाजू ऐकून अपिलाची परवानगी मिळाली. नंतर अपील चाललं आणि मंजूर झालं. गुरुजींना अधिकार होता. त्यांचा निवाडा पुन्हा जिवंत झाला. निकालपत्रात शैलाचं नाव आहे, रोहा असं कंसात गावाच्या नावासकट. माझा उल्लेखही आहे: ‘पेण येथील एका वकिलाने आपली चूक निःसंकोचपणे मान्य केली.’ एका वकिलाने. नाव नाही.

शैलाचा फोन आला. “वाचलंस? तुझं नाव घातलं नाही त्यांनी. बरंच झालं म्हणा. की वाईट वाटलं?”

“वाटलं,” मी म्हणालो.

साचे ताब्यात घ्यायच्या दिवशी आम्ही तिघं हमरापूरला विलासच्या शेडमध्ये गेलो. मला वाटलं होतं भांडण होईल. विलासने अकराही साचे आधीच पोत्यात गुंडाळून, कोपरे बांधून तयार ठेवले होते. टेम्पोत चढवताना तो म्हणाला, “दुकानदार यायचे, बोलायचे, काशिनाथची मूर्ती दाखवा. वीस वर्षं. माझ्या शेडात बसून, माझा चहा पिऊन. काशिनाथची मूर्ती.” त्या शेडमध्ये त्याचं दुःख माझ्याइतकं कुणालाच कळलं नसेल. मी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला ते सांगायची जागा ती नव्हती.

जोह्याला रंजनाच्या अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. साचे उतरले, हळदकुंकू लागलं. रंजनाने शैलाला पुढे ओढलं. “या माझ्या वकीलबाई. दिल्लीच्या जजला मराठी शिकवली त्यांनी.” बायांनी शैलाची ओटी भरली. मग रंजना माझ्याकडे वळली. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. “आनि हे आमचे पेणचे वकीलसायेब. यांनी दिल्लीत सगळ्यांसमोर चूक कबूल केली. असा वकील कुटं बघितलाय काय गो?”

बायांनी आदराने मान हलवली. एका म्हातारीने माझ्या पाया पडायला सुरुवात केली, मी मागे सरलो. मला कुणाच्या आदराची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शैलाला पेणला जाणारी एसटी पकडायची होती. मी गाडीतून सोडतो म्हणालो, तर म्हणाली, “नको, बसमध्ये माझं वाचन होतं.” थांब्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेलो. भात पोटरीला आलं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी भरलेली खाचरं होती. लांबून बस दिसली.

“शैला,” मी म्हणालो, “मला तुझा फार हेवा वाटतो. पहिल्यापासून.”

ती ओटीचा नारळ पिशवीत नीट बसवत होती. “मग? त्याचं मी काय करू?”

“काही नको. सांगायचं होतं.”

“बरं. सांगितलंस.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “रक्तदाबाची गोळी घेतोस ना वेळेवर? सुमन सांगत होती, विसरतोस.”

बस थांबली. ती चढली, खिडकीची जागा मिळाली तशी बसली. कंडक्टरने घंटी द्यायच्या आत तिने पिशवीतून एक नवी फाईल काढून उघडलीसुद्धा. फाईलवर पक्षकाराचं नाव आणि गाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. बस हलली, तशी मी दोन पावलं तिच्याबरोबर चाललो आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायचा प्रयत्न केला, गाव पेण आहे की काय.